साडूभाऊंची लाकडं

अख्ख्या छत्तीसगडात गिऱ्हाइकाची परीक्षा घेऊन त्याला नापास करणारा एकच दुकानदार आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोकांचे साडू प्लॉटचे सौदे करतात, लग्नात मांडवाशी उभे राहून केटररला झापतात, काहीतरी उपयोगाचं करतात. माझे साडूभाऊ तंबाखू ओढायचे पाइप घडवतात. तेही रायपुरात, जिथे तंबाखू म्हटलं की माणूस एक तळहात पुढे करतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तयार ठेवतो. बरं, स्वतः ओढावेत, तर तेही नाही. साध्या सुपारीने त्यांना चक्कर येते. शेजारी कोणी उदबत्ती लावली तरी ते खोकतात. रिकामा पाइप मात्र दिवसभर तोंडात धरून फिरतात, हवा नीट खेचली जाते की नाही ते पाहायला. शंकर नगरच्या त्यांच्या सोसायटीत या हवेच्या बारीक शिट्टीवरून लोकांना कळतं की आपला माणूस जिन्यात आहे.

एका ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये काढली. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी यांनी घडवायचा, मग तो वाळूत दाबून साचा व्हायचा. लाकडात केसाएवढी चूक राहिली तर ती शेकडो नगांत उमटणार. तीस वर्षं हा धाक डोक्यावर असला की माणसाचा स्वभाव बिघडतो. मी एकदा ताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, गमतीने विचारलं की साडूभाऊ पोळीसुद्धा गोल आहे का ते पाहत असतील. ताई शांतपणे म्हणाल्या, "गोल नाही पाहत. जाडी पाहतेत. काठावर अन् मधात." त्या कारखान्यात भट्टी बसवायला एक परदेशी म्हातारा इंजिनियर आला होता. त्याचा पाइप पडून नळीपाशी मोडला, तो साडूभाऊंनी जेवणाच्या सुटीत जोडून दिला. म्हाताऱ्याने भिंग लावून सांधा शोधला, सापडला नाही. मायदेशी गेल्यावर त्याने एक खोकं पाठवलं, ब्रायरच्या लाकडी तुकड्यांनी भरलेलं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती विस्तवाला सहजासहजी दाद देत नाही, म्हणून चांगले पाइप तिचेच होतात. साडूभाऊंनी पहिला तुकडा हातात घेतला आणि त्या दिवसापासून, ताईंच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांना घरात दुसरं माणूस दिसलेलं नाही.

परीक्षा चहाची असते. गिऱ्हाईक आलं की ताई वाफाळता चहा आणतात, साडूभाऊ मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू करतात. त्यांचं म्हणणं असं की पाइप घाईच्या माणसाचा नाही. भसाभसा ओढला की तंबाखूची वाटी तापते, जीभ भाजते आणि लाकूड करपतं. "मले सांगा भाऊ," ते मला म्हणतात, "जो मानूस चहा असा गटागटा पिते, तो पाइपले काय न्याय देईन? पाइप का भाजी आहे का, आला तो घेऊन गेला?" चार मिनिटांच्या आत कप रिकामा झाला की गिऱ्हाईक नापास. मग तो पैसे पुढे करो की ओळखी सांगो. एकदा फोटोत पाइप पाहिजे म्हणून छान दाढी राखलेला एक तरुण मोठ्या गाडीतून आला होता. त्याने चहाला हातच लावला नाही, म्हणाला मी ग्रीन टी घेतो. साडूभाऊंनी त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. उलट अभनपूरचा एक म्हातारा धान-व्यापारी, जो खरं तर पत्ता चुकून त्यांच्या दारात आला होता, तो पंचवीस मिनिटं एक कप चहा घेऊन बसला. दर घोटानंतर कप बशीत ठेवायचा, मिशी पुसायचा आणि साडूभाऊ जे बोलतील त्यावर "हव भैया, हव" म्हणायचा. साडूभाऊंचे डोळे भरून आले. पाइप म्हणजे काय हे त्या म्हाताऱ्याला माहीतही नव्हतं, तरी त्यांनी त्याला उत्तम पाइप देऊनच पाठवलं. पुढे कळलं की तो त्यात बिड्या फोडून तंबाखू भरतो. मला वाटलं साडूभाऊ चिडतील. ते म्हणाले, "भरू द्या. हळू ओढते ना?"

या परीक्षेत सगळ्यात जास्त वेळा नापास झालेला उमेदवार मी आहे. मी विमा कार्यालयात नोकरी केली आणि कविता केल्या. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या स्मरणिकेत त्या दरवर्षी छापून येतात, बहुधा जाहिरातींच्या आधीच्या पानावर. आपल्याला कोणी गंभीर कवी का समजत नाही याचा मी बराच विचार केला, आणि कवितांमध्ये तर काही खोट दिसेना, तेव्हा उणीव पाइपची आहे असा निष्कर्ष काढला. घरातलाच माणूस पाइप बनवतो म्हटल्यावर मला वाटलं, झालंच. साडूभाऊंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ताई चहा देऊन स्वयंपाकघरात पोहोचायच्या आत माझा कप रिकामा होता. सव्वीस वर्षं साहेब येण्याआधी चहा संपवलेला माणूस आहे मी, घोट घेणं मला ठाऊकच नाही. दुसऱ्या वेळी मी मनाशी पक्कं ठरवून गेलो. प्रत्येक घोटामागे मनात वीस आकडे मोजत होतो. दोन मिनिटं झकास गेली आणि खारी बुडाली. तिला वाचवण्याच्या धांदलीत सगळा चहा पोटात गेला. तिसऱ्या वेळी मी घरून चहा पिऊन गेलो, म्हणजे तलफ राहणार नाही. सवय कुठे जाते? मी सात वेळा बसलो आणि सातही वेळा पडलो. शेवटी साडूभाऊंनीच समजूत घातली, "भाऊ, तुमचा जबडाही पाइपचा नाही. सोडून द्या."

जबडा हे त्यांचं दुसरं वेड. माणूस भेटला की ते आधी जबडा बघतात, कोणाला किती वजनाचा पाइप पेलेल याचा अंदाज घेत. लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरत असतो आणि हे माझ्या कानाशी म्हणतात, "पन्नास ग्रॅम आरामात." एकदा आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. भिंतीवर गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो. साडूभाऊ बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले, घरच्यांनाही वाटलं की फार जिव्हाळ्याचा संबंध असावा. बाहेर पडताना ते हळहळून म्हणाले, "वाया गेला हो. काय जबडा होता!"

माझ्या देहात त्यांना एकच गोष्ट कामाची सापडली, ती म्हणजे नाक. ब्रायरला शेवटची चकाकी नाकाच्या बाजूच्या तेलाने येते असा त्यांचा पक्का विश्वास आहे, आणि माझं नाक म्हणे तेलकटपणात अव्वल आहे. त्यामुळे पाइप तयार झाला की मला बोलावणं येतं. मी खुर्चीवर बसतो, साडूभाऊ माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवतात आणि पाइप माझ्या नाकावर दोन्ही बाजूंनी घासतात. पुण्या-बंगलोरच्या कोणकोणत्या मोठ्या माणसांच्या हातात माझ्या नाकाने चमकलेले पाइप असतील, या विचाराने मी सुखावतो. कवितेने जे दिलं नाही ते नाकाने दिलं.

बाहेरगावची ही गिऱ्हाइकं आणली माझ्या मुलीने. तिने मोबाइलवर पाइपांचं पान काढलं, फोटो टाकले आणि चौकशा येऊ लागल्या. साडूभाऊ खूश होतील असं आम्हाला वाटलं, तर त्यांनी व्हिडिओ कॉलवर परीक्षा सुरू केली. तिकडे बंगलोरला बिचारा माणूस कॅमेऱ्यासमोर कप घेऊन बसला आहे, इकडे हे घड्याळ लावून बसले आहेत. मुलगी वैतागून म्हणाली, "मौसाजी, आप कस्टमर को डाँटते क्यों हो?" ते म्हणाले, "डाँटत नाही बेटा, परखून राहिलो." तेव्हापासून ती पान सांभाळते आणि कॉल लागला की खोलीतून निघून जाते.

पण गिऱ्हाइकापेक्षा कडक परीक्षा ते स्वतःची घेतात. ब्रायर वरून कितीही देखणं असलं तरी आत खडा किंवा पोकळी दडलेली असू शकते. चार-पाच दिवस कोरीव काम करावं आणि शेवटच्या घासणीत टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा उघडा पडावा, असं नेहमी होतं. बाकीचे कारागीर तिथे लाकडाच्या भुशाची लुकणी भरून मोकळे होतात. साडूभाऊ भरत नाहीत. फार लहान खड्डा असेल तर गिऱ्हाइकाला तो बोटाने दाखवून विकतात, मोठा असेल तर पाइप बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातो. डब्यावर खडूने 'फेल' लिहिलेलं आहे. वीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक पाइपात काही ना काही होतं. एकही बिनखोट नाही. "एक तरी पास झाला पाहिजे भाऊ," ते म्हणायचे, "मंग हत्यारं धुऊन ठेवून देतो." आयुष्यात त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि त्या एकासाठी लाकूड ठरलेलं होतं. म्हाताऱ्या इंजिनियरने पुढेही खोकी पाठवली होती, त्यातल्या शेवटच्या खोक्यातला तो तुकडा. साडूभाऊंनी एकदा तो पाण्याने ओला करून मला दाखवला होता. कोणी कंगव्याने भांग पाडावा तशा सरळ रेषा, चारही बाजूंनी. तो त्यांनी आपल्या कारखान्याच्या निळ्या शर्टाच्या कापडात गुंडाळून नऊ वर्षं मुरत ठेवला, आणि ठेवला माझ्या घरी. त्यांचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, मे महिन्यात तिथे माणूसही तडकतो. तात्यापाऱ्यातलं आमचं घर तळमजल्याचं, जाड भिंतींचं. मधल्या खोलीत पलंग, पलंगाच्या उशाशी पाण्याचे दोन माठ, त्यांच्या पाझराने खोलीत कायम हलका ओलसर गारवा. साडूभाऊंनी सगळ्या रायपुरात हीच जागा निवडली आणि त्या तुकड्यासकट पंधरा तुकडे माझ्या पलंगाखाली ठेवले. दर रविवारी ते तपासणीला यायचे. दारातून पहिला प्रश्न, "लाकडं कशी आहेत?" मग चपला काढायच्या, मग गुडघ्यावर बसून पलंगाखाली डोकावायचं, मग आमची खुशाली. मी टायफॉइडने त्याच पलंगावर पडलो होतो तेव्हासुद्धा त्यांनी मला ओलांडून आधी खाली पाहिलं. बायको म्हणाली, "भाऊजी, वरचंही लाकूडच झालं आहे, त्याले पण विचारा."

गेल्या वर्षी साडूभाऊंचा उजवा हात थरथरू लागला. आधी फक्त बशीवर कप वाजायचा. मग पटाशी धरताना. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. साडूभाऊंनी ते एका वाक्यात मला सांगितलं आणि वर म्हणाले, "आता त्या तुकड्याचा नंबर लावतो. डोळ्याचं ऑपरेशन करून येतो अन् बसतो." एप्रिलच्या सुरुवातीला ते आणि ताई मुलाकडे नागपूरला गेले. जाताना मला बजावलं, खोलीत काही बदल करायचा नाही. मी म्हणालो, निर्धास्त जा.

आणि मी एसी घेतला.

आता हे कसं सांगू? साडूभाऊंच्या झोपायच्या खोलीत एसी होता, आमच्याकडे कूलर. ताईंनी कधी हिणवलं नव्हतं, उलट "तुमच्याकडे काय गरज आहे, तुमचं घरच गार" असं म्हणायच्या. तेच मला लागायचं. निवृत्तीचा पैसा बँकेत पडून होता, म्हटलं होऊन जाऊ दे. मधल्या खोलीत एसी बसला. माठ आता गावठी दिसायला लागले, ते मी मागच्या अंगणात नेऊन ठेवले. आणि मग माझ्या सुपीक डोक्यात आलं की साडूभाऊंना लाकडासाठी गार जागा हवी असते, तर आपण ती आणखी गार का करू नये? म्हणून मी स्वतःच्या हाताने ते पंधरा तुकडे पलंगाखालून काढले, निळं कापड सोडलं, आणि एसीच्या झोतासमोर फळीवर ओळीने मांडले. इतका वेळ तर मी कवितेवरही कधी घालवला नव्हता. महिन्याभरात लाकडांवर बारीक रेषा दिसू लागल्या. मी बायकोला बोलावून दाखवल्या. "पाह्य, रेषा किती उठून दिसून राहिल्या आता!"

साडूभाऊ काळा चष्मा लावून आले. दारातून विचारलं, "लाकडं कशी आहेत?" मी म्हणालो, चला तर खरं, यंदा काय थाटात ठेवली आहेत ते पाहा. ते खोलीत आले. त्यांनी एसीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, माठांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग एकेक तुकडा उचलून खिडकीशी नेऊ लागले. प्रत्येकाला नख लावायचे आणि ठेवून द्यायचे. मी शहाण्यासारखा पाठोपाठ चालत होतो, रेषा दाखवत होतो. शेवटचा, तो भांग पाडल्यासारख्या रेषांचा तुकडा त्यांनी बराच वेळ हातात धरला. बुडापासून निम्म्यापर्यंत तडा गेलेला होता. "ह्या रेषा नाहीत भाऊ," ते म्हणाले. एवढंच.

बायकोने चहा आणला. साडूभाऊंनी कप उचलला आणि तो वाफाळता चहा उभ्या उभ्या एका दमात पिऊन टाकला. मी अजून माझ्या कपाच्या कानालाही हात लावला नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या मागे राहिलो होतो, आणि तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो आहे: लाकडांना हवा होता माठांचा ओलावा, आणि मी दिला होता एसीचा कोरडा वारा. बायको दारातच थांबली. त्यांनी तो एक तुकडा निळ्या कापडात गुंडाळला, "ही वाट पाहून राहिली असन" असं काहीतरी म्हणाले आणि गेले. त्यांच्या चपला उलट्या घातल्या गेल्या होत्या, ते मी त्यांना सांगू शकलो नाही.

मी एसी बंद केला. माठ परत आणून ठेवले. कोणासाठी, ते विचारू नका. एक-दोन परदेशी व्यापाऱ्यांचे पत्ते मुलीने शोधून दिले, ब्रायर मिळत होतं. पण नऊ वर्षं कुठून मागवणार होतो? आणि मागवली असती तरी तोवर तो हात कुठे असता? तीन रविवार साडूभाऊ आले नाहीत. मी फोन उचलायचो आणि ठेवायचो. एक माफीची कविता लिहायला घेतली, तिसऱ्या ओळीत स्वतःचीच किळस आली आणि फाडून टाकली. ती माझी सगळ्यात चांगली कविता असावी.

चौथ्या आठवड्यात ताईंचा फोन आला. "यांनी बोलावलं. नाक घेऊन या म्हणते."

मी गेलो तेव्हा साडूभाऊ मागच्या बाल्कनीतल्या बाकावर बसले होते. उजवं मनगट त्यांनी पंच्याच्या पट्टीने बाकाच्या कडेला बांधून घेतलं होतं, म्हणजे हात हलू नये. पंच्याखाली कातडी सोलून निघाली होती. डाव्या हातात पाइप होता. त्याच लाकडाचा, लहानसा, साधा, वाटीभोवती त्या सरळ रेषा. मी इतकी देखणी वस्तू जवळून कधी पाहिली नव्हती. आणि बुडापासून वर चढत गेलेला तो तडा, जसाच्या तसा. लुकणी भरलेली नव्हती. "बसा," ते म्हणाले, "नाक द्या." मी खुर्चीवर बसलो, त्यांनी पाइप धरलेल्या हातानेच माझी हनुवटी वर केली आणि पाइप घासायला लागले. मला रडू आवरेना. मी खरंच रडलो, पासष्ट वर्षांचा माणूस, बाल्कनीत, समोरच्या फ्लॅटमधली बाई कपडे वाळत घालत असताना. साडूभाऊ थांबले. "पाणी नका लावू भाऊ," ते म्हणाले, "तेल पाहिजे."

काम झाल्यावर त्यांनी पाइप माझ्या हातात ठेवला. मी म्हणालो, हा माझ्यासाठी? मी तर नापास आहे. ते म्हणाले, "हा पेटवता येत नाही. विस्तव लागला का फाटते. म्हनून तुमाले देऊन राहिलो." मी म्हणालो, मग याला फेलच्या डब्यात ठेवायला हवा होता. त्यांनी पंच्याची गाठ दाताने सोडली, मनगट चोळलं. "डब्यातल्यांचे खड्डे लाकडाचे आहेत," ते म्हणाले, "काहून निघाले, कोणी केले, काही पत्ता नाही. हा तडा घरचा आहे."

त्यानंतर त्यांनी हत्यारं धुऊन ठेवली. पास कोणीच झालं नाही, ना पाइप, ना मी. तो पाइप माझ्या टेबलावर असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं की मी ओढतो, आणि मी तसं वाटू देतो. अधूनमधून नाकावर घासतो. उरलेले पाइप साडूभाऊ अजून विकतात, घड्याळ अजून टेबलावर येतं, फक्त आता चहाचा त्यांचा स्वतःचा कप ताई अर्धाच भरतात.

रविवारी ते येतात. दारातून विचारतात, "लाकडं कशी आहेत?" पलंगाखाली आता काही नाही, माठाच्या पाझराने ओली झालेली फरशी आहे फक्त. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी पलंगाकडे पाहिलं. मी म्हणालो, "साडूभाऊ, लाकडं कुठे आहेत आता?" ते चपला काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तरी पाहून घ्या एकदा."

तेव्हापासून मी दर रविवारी गुडघ्यावर बसतो, पलंगाखाली नीट पाहून घेतो आणि म्हणतो, "बरी आहेत."